नाकाला मिरच्या झोंबू द्या की!

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात छोट्या बॅचमध्ये बनणाऱ्या हॉट सॉसबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. निम्म्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न आहे, की यातला भारी कुठला हे ठरवायचं कसं. म्हणून यावेळी बाकी विषय बाजूला, फक्त तिखट. हे लिहिताना टेबलावर तीन बाटल्या उघड्या आहेत, तेव्हा मध्येच एखादं वाक्य शिंकल्यासारखं तुटलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, आम्ही पाच मित्रांनी मिळून आठ वेगवेगळे क्राफ्ट हॉट सॉस मागवले, मस्त संध्याकाळ ठरवली, पण तिसऱ्या बाटलीनंतर सगळ्यांना सगळंच सारखं लागायला लागलं आणि शेवटी "हा जाळतो, हा जाळत नाही" एवढंच कळलं. आमच्या जिभा खराब आहेत का?
(एक पोळलेला वाचक)

उत्तर: जिभा ठणठणीत आहेत हो. तुमच्यातल्या कुणीतरी लेबलवर कवटी बघून सगळ्यात जहाल बाटली आधी उघडली असणार, पैज लावते. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. ती वही अजून आहे माझ्याकडे, पहिल्या सॉसपुढे अर्धं पान लिहिलंय आणि पुढच्या पाचांपुढे "ठीक", "ठीक", "ठीक?", "ठीक", आणि शेवटच्यापुढे नुसता लाल डाग.

काय होतं माहितीये का, मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन लागोपाठ जिभेवर पडत राहिलं की जळजळ एकावर एक चढत जाते, म्हणजे तिसरा सॉस मुळात मवाळ असला तरी आधीच्या दोघांची आग त्याच्या नावावर जमा होते. बरं, म्हणून मध्ये दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारत बसलात तर उलटंच होतं, तीच जीभ आता थोडी बधीर झालेली असते आणि पुढचा सॉस आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. दोन्हीकडून फसवणूक! यावर पक्का इलाज कुणाकडेच नाही, पण नुकसान कमी करता येतं.

एका बैठकीत चारच सॉस घ्या, आठ असतील तर दोन दिवस करा. सौम्य आधी, जहाल शेवटी. कुठला सौम्य हे माहीत नसेल तर आदल्या दिवशी टूथपिकचं टोक बुडवून एकेक थेंब जिभेला लावून बघा, तेवढ्यात अंदाज येतो. प्रमाण म्हणाल तर पाव चमचा खूप झाला. आधी पांढऱ्या बशीत ओता आणि बशी तिरकी करा, सॉस कसा ओघळतो ते बघा, पाण्यासारखा पळतो का, मिरचीचे कण मागे राहतात का, कडेला पाणी सुटतं का. मग वास, पण नाक थेट बशीत घालू नका, वीतभर अंतरावरून घ्या. मग नुसता सॉस, चमच्याच्या मागच्या बाजूने. आणि मग तोच सॉस एखाद्या बेचव गोष्टीवर, साधा ब्रेड किंवा मीठ न घातलेला भात चालेल. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच चुकतात, कारण सॉस कुणी चमच्याने खात नाही. माझ्या वहीत असे दोन तरी सॉस आहेत जे नुसते चाखले तेव्हा नुसते आंबट आणि आरडाओरडा करणारे वाटले होते आणि भातावर पडल्यावर एकदम शहाण्यासारखे वागले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाटल्या झाका. घरातल्या कुणाला तरी बशा भरायला सांगा, बशीखाली चिठ्ठी लावा, नाव नको. आणि त्याला गुपचूप सांगून ठेवा की चारपैकी दोन बशांत एकच सॉस घाल. त्या दोन बशांबद्दल तुमच्या नोंदी अगदी वेगळ्या निघाल्या तर त्या दिवशीच्या निकालावर भांडायचं नाही, इतकं सोपं आहे. आमच्याकडे पहिल्या वेळी एकाने त्याच सॉसला एकदा "आंब्यासारखा" आणि एकदा "जुन्या लोखंडासारखा" म्हटलं होतं. तो अजून मान्य करत नाही ते जाऊ दे.

प्रश्न: बाटलीवर स्कोव्हिल, म्हणजे तिखटपणाचं माप, लिहिलेलं असतं, लाखांत आकडे असतात. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला असं धरून मी घेतो. बरोबर ना?
(आकडेमोड्या)

उत्तर: नाही. पहिला प्रश्न हा विचारा की आकडा कशाचा आहे, सॉसचा की मिरचीचा? कारण लेबलवर बऱ्याचदा आतल्या मिरचीचा आकडा मिरवत असतो. टबॅस्को जातीच्या मिरचीचं स्कोव्हिल साधारण ३० ते ५० हजार धरतात, आणि त्याच मिरचीच्या ओरिजिनल टबॅस्को सॉसचं २,५०० ते ५,०००. म्हणजे व्हिनेगर पडल्यावर आकडा एकदम दहाव्या भागावर आला. शिवाय मिरचीचे आकडे वाळलेल्या मिरचीवर मोजलेले असतात, आणि ताज्या मिरचीत बहुतेक पाणीच असतं.

ही मोजणी सुरू केली विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने, १९१२ साली, तो तेव्हा पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत होता. मिरचीचा अर्क काढायचा, तो साखरेच्या पाण्यात पातळ पातळ करत जायचा आणि माणसांना चाखायला द्यायचा, तिखट लागायचं थांबेपर्यंत. किती पट पातळ करावं लागलं तो आकडा. म्हणजे सगळा खेळ माणसांच्या जिभेवर, आणि जिभा थकतात हे वरच्या पत्रात आलंच. आता क्रोमॅटोग्राफी नावाच्या तंत्राने मशीनवर कॅप्सायसिन आणि त्याची भावंडं मोजतात आणि त्यावरून स्कोव्हिलचा आकडा काढतात, ते बरंच विश्वासाचं आहे. पण प्रत्येक छोटा सॉसवाला प्रत्येक बॅच लॅबला पाठवतो असं समजू नका, आणि मिरची एकाच झाडावर सुद्धा कमी-जास्त तिखट निघते, तेव्हा लेबलवरचा आकडा अंदाज म्हणूनच घ्या.

अंदाजासाठी या मिरच्यांचे आकडे डोक्यात ठेवा: हालापिन्यो २,५०० ते ८,०००, हाबानेरो एक लाख ते साडेतीन लाख, कॅरोलिना रीपर सरासरी १६ लाखांच्या वर, आणि २०२३ मध्ये गिनीजने विक्रम दिला ती पेपर एक्स सरासरी २६ लाख ९३ हजार. रीपर आणि पेपर एक्स दोन्ही एड करी या एकाच माणसाने तयार केलेल्या, त्याच्या घरी पाहुणे किती वेळ थांबतात कुणास ठाऊक. आणि शुद्ध कॅप्सायसिन १ कोटी ६० लाख. म्हणजे एखाद्या बाटलीवर ४०-५० लाख लिहिलं असेल तर तो नुसत्या मिरचीचा सॉस असूच शकत नाही, आत एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मिरचीचा काढलेला अर्क घातलाय. अशा सॉसला बऱ्याचदा एक कडवट, औषधी, धातूसारखी चव मागे राहते. मला तो प्रकार आवडत नाही, ज्यांना आवडतो त्यांच्याशी भांडण नाही, पण तो आणि मिरचीचा सॉस एकाच रांगेत बसवून तुलना करू नका.

प्रश्न: माझी बायको म्हणते तिखट म्हणजे तिखट, त्यात कसली आलीये तुलना, कमी किंवा जास्त एवढंच. तिला काय उत्तर देऊ?
(घरातला अल्पमत)

उत्तर: वहिनींना म्हणावं, दुखणं पण कमी-जास्तच असतं, तरी ठणका, कळ, चमक, जळजळ, हुळहुळ असे शब्द आपल्याकडे आहेतच ना? तिखटाचंही तसंच आहे. मुळात तिखट ही चव नाहीच, गोड-आंबट-खारट-कडू जिभेवरच्या चवीच्या कळ्यांचं काम, आणि तिखट हे वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या नसांचं. म्हणून तर ते डोळ्यालाही लागतं आणि बोटालाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत एक चिली पेपर इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या लोकांनी तिखट नुसतं किती हे न बघता पाच बाजूंनी बघायची पद्धत मांडलीये: किती लवकर चढतं, किती वेळ टिकतं, तोंडात कुठे लागतं, कसं लागतं, आणि मग शेवटी किती जोरात लागतं. यातलं "कसं लागतं" मला फार आवडलं, ते म्हणतात काही तिखट सुया टोचल्यासारखं असतं आणि काही ब्रशने रंग फासल्यासारखं सपाट. एकदा हे ऐकलं की पुढच्या घासाला आपोआप कळतं!

करून बघायचं असेल तर एक हालापिन्योचा हिरवा सॉस घ्या आणि एक हाबानेरोचा. हालापिन्यो झटकन येतो, जिभेच्या टोकाला आणि ओठांना, आणि तसाच झटकन उतरतो. हाबानेरो आधी काहीच करत नाही, तुम्ही म्हणता अरे हा तर गोड आहे, जर्दाळूसारखा वास आहे, आणि तेवढ्यात घशात मागून कुणीतरी शेगडी पेटवतं आणि ती बराच वेळ विझत नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. चढायला किती सेकंद, उतरायला किती मिनिटं. माझ्या वहीत तिखटाचा रकाना शेवटी आहे, आणि त्याआधी वास, आंबटपणा, मीठ, गोडवा, दाटपणा, मागे काय राहिलं हे सगळं. मुद्दाम. तिखट आधी लिहिलं की बाकीचं लिहायचा धीरच राहत नाही.

आणि जाता जाता, वहिनी जर म्हणाल्या की बिया काढल्या की मिरची तिखट राहत नाही, तर तेही सांगा: कॅप्सायसिन बियांत बनत नाही, आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात बनतं. बिया शेजारी असल्यामुळे बदनाम. हे मात्र जेवताना सांगू नका, अल्पमतात आहात हे लक्षात ठेवा.

प्रश्न: सगळे क्राफ्टवाले "फर्मेंटेड", म्हणजे आंबवलेला, म्हणून डांगोरा पिटतात. चवीत खरंच फरक पडतो की नुसतं लेबल?
(शंकासुर)

उत्तर: पडतो, पण तुम्ही ज्या शंकेने विचारताय तीही खोटी नाही.

मिरची वाटून तिच्यात दोन-तीन टक्के किंवा जास्त मीठ घालून हवा लागू न देता ठेवली की लॅक्टिक आम्ल बनवणारे बॅक्टेरिया कामाला लागतात, मिरचीतली साखर खातात आणि आंबटपणा तयार करतात. म्हणजे बाहेरून आंबट घालायच्या ऐवजी आतूनच आंबट होतं. याची चव गोलसर असते, दह्याच्या आंबटपणाच्या घराण्यातली, आणि कच्च्या मिरचीचा हिरवा वास जाऊन काहीतरी खोल, चीजसारखं, कधी फळासारखं येतं. व्हिनेगरचं आंबट वेगळं, कारण अॅसेटिक आम्ल हवेत उडतं, ते जिभेच्या आधी नाकात पोचतं. ओळखायची सोपी युक्ती हीच आहे: बशी लांब धरून वास घेतल्यावरच नाकात झणझणलं तर व्हिनेगर पुढे आहे, आणि वास शांत पण तोंडात घातल्यावर आंबट, तर फर्मेंटेशन किंवा लिंबू.

गंमत म्हणजे हे दोन एकमेकांचे शत्रू नाहीत. टबॅस्कोच बघा, १८६८ पासून लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर बनतो, मिरची मिठात वाटून ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात, पिंपाच्या झाकणावर मिठाचा थर देतात, आणि एवढं सगळं करून मग त्यात व्हिनेगर घालतात. म्हणजे फर्मेंटेड आहेच, फक्त व्हिनेगर इतकं पुढे असतं की लोकांच्या लक्षात येत नाही. मी तर प्रत्येक बैठकीत टबॅस्को मापाचा दगड म्हणून ठेवते, भारी म्हणून नव्हे, सगळ्यांच्या ओळखीचा आहे म्हणून. "टबॅस्कोपेक्षा कमी आंबट, जास्त दाट" असं लिहिलं की सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं, नुसतं "मध्यम आंबट" लिहिलं तर माझं मलाच कळत नाही.

लेबलवर "फर्मेंटेड" शब्द किती मोठा छापलाय हे बघू नका, मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मिरचीचं असेल तर अंगाने भरलेला सॉस, व्हिनेगर किंवा पाणी असेल तर पातळ, गाजर असेल तर गोडसर आणि मऊ. आणि साखर दुसरी असेल तर समजून जा. झँथन गम दिसला की काही लोक नाक मुरडतात, पण तो फक्त सॉसचे थर वेगळे होऊ नयेत म्हणून चिमूटभर घातलेला असतो, जास्त झाला तर मात्र शेंबडासारखी तार सुटते, बशी तिरकी केली की लगेच दिसतं ते.

प्रश्न: टेस्टिंगच्या मध्ये पाणी पितो तरी आग कमी होत नाही, उलट वाढल्यासारखी वाटते. का?
(तहानलेली)

उत्तर: कारण कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पाणी ते उचलून नेत नाही, थंड पाण्याने क्षणभर बरं वाटतं ते फक्त थंडाव्यामुळे. आपल्या नसांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक दार असतं, ते साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेला उघडतं, आणि कॅप्सायसिन तेच दार उघडतं. म्हणजे मेंदूला खरोखरच भाजल्याचा निरोप जातो, तुम्ही नाटक करत नाही. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने १९९७ मध्ये शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर गरम चहा घेतला की जीव जातो, एकाच दारावर दोघं लाथा मारतात.

दूध प्या, घुटका तोंडात फिरवून. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरतं, त्यामुळे साय काढलेलं दूधही चालतं. साखर पण बरीच मदत करते. पण नमुन्यांच्या मध्ये शक्यतो ब्रेड आणि साधं पाणीच ठेवा, कारण दुधाचा लेप जिभेवर राहिला की पुढचा सॉस मऊ वाटतो. दूध शेवटी, किंवा अगदीच रडकुंडीला आलात तर.

प्रश्न: नवरा मित्रांसमोर फुशारकी मारत सगळ्यात जहाल सॉस चमच्याने खातो. मला भीती वाटते.
(काळजीत)

उत्तर: वाटायलाच हवी. अति जहाल एकदम पोटात गेलं की पोटात मुरड, उलटी हे होतंच, आणि ज्यांना दमा, अल्सर, हृदयाचा त्रास आहे त्यांनी या फंदात पडूच नये, मुलांना तर चुकूनही देऊ नका. छातीत दुखणं, श्वास लागणं असं काही झालं तर दूध पाजत बसायचं नाही, सरळ डॉक्टर. आणि बाटल्या हाताळल्यावर साबणाने हात दोनदा धुवा, मगच डोळ्याला लावा, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी तर त्या दिवशी लेन्स आधीच काढून ठेवावी. माझं एकदा राहिलं होतं, पुढचा तासभर मी कुठल्याही सॉसबद्दल मत देण्याच्या अवस्थेत नव्हते.

त्यांना सांगा, चमचाभर खाऊन दाखवण्यापेक्षा डोळे झाकून मिरची ओळखून दाखवा. मित्रांमध्ये भाव खायचाच असेल तर हे जास्त अवघड आहे.

प्रश्न: उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची का? आणि माझ्या एका बाटलीत वर पाणी, खाली गाळ झालाय, दुसरी उघडताना फुस्स आवाज आला. फेकू?
(काटकसरी)

उत्तर: वर पाणी खाली गाळ हे नैसर्गिक आहे, हलवा आणि खा. फ्रीजमध्ये ठेवाच, विशेषतः फळ, गाजर, लसूण घातलेले. भरपूर आंबट सॉस बाहेर खराब नाही झाला तरी हवा आणि उजेड लागून लाल रंग तपकिरी पडतो आणि वरचा ताजा वास जातो. तुलना करताना हे लक्षात ठेवा बरं का, चार महिन्यांची उघडी बाटली आणि आज फोडलेली बाटली शेजारी ठेवून निकाल लावला तर तो अन्याय आहे, मी उघडल्याची तारीख झाकणावर पेनने लिहिते.

फुस्सचं मात्र बघायला लागेल. फर्मेंटेड सॉस पाश्चराइझ केलेला नसेल तर बाटलीत आंबवणं चालू राहतं आणि गॅस होतो, तसं लेबलवर लिहिलेलं असेल, फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं असेल आणि वास स्वच्छ आंबट असेल तर घाबरू नका. पण लेबलवर तसं काही नाही आणि झाकण फुगलंय, किंवा बुरशी दिसतेय, किंवा वास कुजका आहे, तर चाखूनसुद्धा बघू नका, फेका. घरी बनवत असाल तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली हवाच, चारच्या खाली असेल तर उत्तम, मीटर किंवा पट्टीने मोजा, जिभेने नाही. आणि तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणाचा सॉस बाहेर ठेवण्याचा प्रयोग अजिबात नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो आणि तो वासावरून कळत नाही.

ती फुस्सवाली ठेवणार असाल तर पुढच्या वेळी सिंकमध्ये धरून, वर फडकं टाकून, झाकण हळूहळू फिरवा. आणि चष्मा असेल तर घाला. माझ्या छतावर एक नारिंगी ठिपका अजून आहे.